नमुन्यादाखल खडपवाडी

१५ जानेवारी २०१०, रिहे

आज ग्रहण. शारदाने दूध, लोणचं, पिण्याचं पाणी, सगळ्यांत तुळशीची पानं टाकली आहेत आणि ग्रहण सुटेपर्यंत गॅस पेटणार नाही असं जाहीर केलं आहे. मी तिला सूर्य, चंद्र, पृथ्वी समजावायला गेलो तर म्हणाली, "तुम्हाला सगळं समजतं, पण भूक लागली की माझ्याकडेच येता." दोन वर्षांपूर्वी टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आम्ही इथे घर बांधलं, तेव्हापासून माझं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. ऑफिसात निदान शिपाई ऐकायचा.

अशा उपाशी अवस्थेत दिल्लीहून चंद्रकांत साहेबांचा फोन आला. एके काळचे माझे वरिष्ठ, आता कुठल्याशा सरकारी समितीवर आहेत. विषय असा: इंटरनेटवरच्या पत्त्याला शेवटी एक शेपूट असतं. डॉट कॉम, डॉट नेट, आपलं डॉट इन. आधी ही शेपटं मोजकीच होती, मग इन्फो, बिझ अशी आणखी आली, आणि आता ही शेपटं वाटणारी अमेरिकेतली संस्था दार सताड उघडणार आहे. ज्याला परवडेल त्याने हवा तो शब्द शेपूट म्हणून घ्यावा. शहराचं नाव घ्या, नदीचं घ्या. जगभरची सरकारं यावर कुरकुरतायत आणि आपल्या समितीलाही आक्षेप नोंदवायचे आहेत. "विठ्ठलराव, आक्षेप काढावेत तर तुम्हीच," साहेब म्हणाले. नोकरीत असताना हेच वाक्य ते वेगळ्या सुरात म्हणायचे.

ग्रहण कधी सुटलं ते मला कळलंच नाही. शारदाने ताट वाढलं तेव्हा मी मसुद्याच्या पहिल्या पानावर होतो.

२४ जानेवारी

आक्षेप लिहितोय. पुष्कळ खोडलं. मुख्य मुद्दा आज सापडला, तो इथे उतरवून ठेवतो: "सामान्य मनुष्य पत्ता वाचतो तेव्हा त्यातील गावाचे नाव वाचतो. नाव गावाचे, अर्थात मजकूर सरकारचा, असे तो धरून चालतो. लबाडी करणाऱ्यास याहून अधिक काही करावे लागत नाही."

शारदाला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग एवढंच लिहून पाठवा की." तिला सरकारी लिखाणाचं काही कळत नाही.

३१ जानेवारी

कौस्तुभ आला होता. शारदाच्या भावाचा मुलगा. परभणीहून शिकायला आला, आता माणच्या आयटी पार्कात नोकरी करतो आणि तिथेच खोली घेऊन राहतो. मुलगा चलाख. आत्याने केलेल्या धपाट्यांचा फडशा पाडता पाडता माझा मसुदा चाळला आणि म्हणाला, "काका, कमिटीवाले वाचत नाहीत, बघतात. एक डेमो द्या."

म्हणजे काय, तर नमुना. आज मिळणाऱ्या शेपटांपैकीच एक घ्यायचं, त्याच्या आधी एखाद्या खऱ्या वस्तीचं नाव लावायचं, आणि त्या पत्त्यावर एक खोटी सरकारी सूचना टाकायची. समितीने ती उघडून पाहावी आणि हादरावं. आज एका वस्तीच्या नावाने हे होतं, उद्या नावं बेसुमार खुली झाली तर काय होईल! मला कल्पना एकदम पसंत पडली. आक्षेपाला परिशिष्ट म्हणून जोडता येईल.

फक्त नाव कुठलं घ्यायचं? उगाच कुणी भोळा माणूस फसायला नको. त्याचा विचार नीट केला पाहिजे.

७ फेब्रुवारी

आज कोंडीबाने गोठ्याचं काम धरलं. (शारदाला गाय हवी आहे. मला नको आहे. गाय येईल.) कोंडीबा ताम्हिणीच्या वरच्या अंगाला खडपवाडीत राहतो. थोडी जनावरं, थोडी नाचणी, हिरडा-मध गोळा करायचा, आणि मधे मधे खाली येऊन आमच्यासारख्यांकडे कामाला. त्याची बायको फुलाबाई शारदाची मैत्रीण झाली आहे. दोघी तासन् तास बोलतात. काय बोलतात ते विचारलं की दोघी गप्प होतात.

गोठ्याची मधली मेढ, म्हणजे वर दुबेळकं असलेला मुख्य खांब, रोवायच्या आधी कोंडीबाने एक गंमतच केली. खड्ड्यात तोंड घालून मोठ्याने म्हणाला, "रिहे!" मी विचारलं, हे काय?

"मेढीला गावाचं नाव सांगावं लागतंय, साहेब. न्हाईतर तिला कळत न्हाई आपन कुटं हाय. मंग ती धरत न्हाई."

मी हसलो. ही तर आमच्या नावनोंदणीचीच पद्धत झाली! मेढ रोवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती वाटेत येतेय. म्हटलं, जरा उपटून दोन दिवस बाजूला ठेव, मी माप घेतो, पटलं तर याच खड्ड्यात परत घाल. तर तो मेढ धरून उभाच राहिला.

"उपटली तर हितं परत घालायची न्हाई. मेढ उपटली म्हंजी घर उठलं. त्याच खड्ड्यात परत रोवत न्हाईत आमच्यात. म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी मोडलं न्हाई, मी बी मोडायचो न्हाई."

म्हणून गोठा वाटेतच होतोय. जेवताना तो वाडीबद्दल सांगत होता. घरं थोडी, एकच झरा, वर एक तडकलेला कडा. "आजा म्हनायचा, त्यो कडा माझ्या जन्माच्या आदीपास्नं तडकल्याला हाय." जमिनीचा कागद कुणाकडेच नाही. पिढ्यान् पिढ्या राहतायत, तीच वहिवाट, तोच पुरावा. वाडीत वीज नाही. संगणक तर कुणी पाहिलेलाच नाही.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नमुन्याला खडपवाडीचंच नाव घ्यावं! ज्या वाडीत कुणी संगणक पाहिलेला नाही, तिथे कोण फसणार? नुकसान कुणाचंच नाही.

१३ फेब्रुवारी

माणला जाऊन आलो. पूर्वी भाताची खाचरं होती तिथे आता काचेच्या इमारती, आणि उरलेल्या जागेत खोल्यांवर खोल्या. कौस्तुभ राहतो ती चाळवजा इमारत हैबतरावांची. पार्कात जमीन गेली, तिच्या पैशांवर यांनी मजले चढवले. पांढरी टोपी, पांढरी गाडी, आवाज मोठा.

नाव मिळालं. इतक्या सहज की मलाच धक्का बसला. खडपवाडी डॉट इन्फो. कुणीही विचारलं नाही की तुम्ही कोण, वाडीचे कोण लागता. नोंद माझ्या नावाने केली, कारण मी जबाबदार माणूस आहे: विठ्ठलराव, मुक्काम पोस्ट रिहे, तालुका मुळशी. एका वर्षासाठी. शेजारी हैबतराव खुर्ची ओढून बसले होते. म्हणाले, "म्हंजी साहेब, वाडी आता तुमची झाली की!" सगळे हसलो.

२१ फेब्रुवारी

सूचना लिहून काढली. स्वतःची स्तुती करू नये, पण तीस वर्षांच्या नोकरीत असा मसुदा हातून उतरला नव्हता.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मौजे खडपवाडी ही वस्ती दरडप्रवण क्षेत्रात येत असल्याने तेथील रहिवाशांनी पावसाळ्यापूर्वी सुरक्षित स्थळी स्थलांतर करणे आवश्यक आहे. कसूर झाल्यास होणाऱ्या जीवितहानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही."

खाली खातं टाकलं "डोंगरी वस्ती सुरक्षा कक्ष". असं कुठलंही खातं नाही, मी चौकशी करून खात्री केली. जावक क्रमांकाला माझ्या जुन्या स्कूटरचा नंबर दिला, ४४१७. तडकलेला कडा घातला, झरा घातला. तपशील असला की मजकुराला वजन येतं.

कौस्तुभने दोन-तीन सूचना केल्या. स्थलांतराची मुदत घाला. कुटुंबप्रमुखांची नावं घाला. राहण्याची सोय कुठे तेही घाला. "रिअ‍ॅलिस्टिक पाहिजे ना, काका." मुदत घातली. नावं मला कोंडीबाचीच ठाऊक, बाकीची तो कुठूनतरी मिळवणार आहे. मी एक अट मात्र घातली: आडवं, मोठ्या अक्षरांत "नमुना" लिहिलं पाहिजे.

२ मार्च

धुळवडीच्या रंगाने कान अजून हिरवे आहेत. आक्षेप परिशिष्टासह दिल्लीला रवाना. पान माणला जाऊन पाहिलं. सुरेख दिसतं, पण "नमुना" फारच फिकट. गडद कर म्हटलं. कौस्तुभ म्हणाला, करतो. त्याच्याकडे पासवर्ड ठेवला आहे, समितीने पाहिलं की पान काढून टाकायचं असं ठरलं आहे. आमच्या घरचा फोन बंद पडलाय, त्यामुळे घरून बघता येत नाही. टेलिफोन खात्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या घरचा! शारदा हे येईल त्याला सांगते.

१६ मार्च, पाडवा

हैबतराव सकाळीच गाडी घेऊन दारात. बरोबर श्रीखंड, आमच्यासाठी. असा माणूस माझ्यासारख्याकडे का यावा, असं शारदाने मला आत बोलावून विचारलं. मी म्हटलं, ज्ञानाला मान देणारी माणसं अजून आहेत.

बसले, बोलले. माण संपलं, म्हणाले, आता लोकांना डोंगर पाहिजे, धुकं पाहिजे. मग सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, कागद न्हाई, नुसती वहिवाट हाय, अशा लोकांचं काय असतंय कायद्यात?" मी त्यांना व्यवस्थित समजावून सांगितलं: माणूस जागेवर आहे तोवर वहिवाट. आपण होऊन उठून गेला, की सिद्ध करणं महाकठीण. ते मन लावून ऐकत होते. इतकं मन लावून माझं बोलणं कुणी ऐकून किती वर्षं झाली!

शारदाने श्रीखंडाला हात लावला नाही. मला विचित्र वाटलं. तिला फार आवडतं.

२९ मार्च

समोरच्या डोंगराला वणवा. दिवसभर धूर होता, अंगणात राख उडत होती. वाळत घातलेली पांढरी धोतरं परत धुवावी लागली.

१२ एप्रिल

विजय! पौडला पेन्शनच्या कामाला गेलो होतो. झेरॉक्सच्या दुकानात उभा असताना मशीनच्या काचेवर माझीच सूचना! कुणीतरी छापून प्रती काढायला दिली होती. दुकानदाराला विचारलं, हे काय? म्हणाला, "खडपवाडी उठणार न्हवं. सरकारी नोटीस हाय. नेटवरनं काढल्या." मी विचारलं, खरी कशावरून? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच अडाणी. "अहो, वाडीच्या नावानं हाय. दुसरं कोन काढंल?"

आक्षेपातलं माझंच वाक्य, जणू शब्दशः! आनंदाने मी दोन चहा प्यालो. चंद्रकांत साहेबांना लगेच पत्र टाकलं: परिशिष्टातील धोका प्रत्यक्षात सिद्ध झाला आहे.

बसमध्ये बसल्यावर मात्र जरा चुटपुट लागली. प्रती कुणी काढायला दिल्या हे विचारायचं राहिलं. आणि त्या कागदावर "नमुना" कुठे दिसला नाही. झेरॉक्सला फिकट अक्षरं उठत नाहीत, तसं झालं असेल. उतरल्यावर बूथवरून कौस्तुभला फोन लावला. म्हणाला, "काका, काढतोच आज." आवाजात घाई होती. आजकालच्या नोकऱ्या अशाच.

२५ एप्रिल

कोंडीबा आला होता. मी समितीला पूरक टिपण लिहीत होतो, त्यामुळे बाहेर आलो नाही. तो खिडकीतूनच बोलला.

"साहेब, सरकारचा कागुद आला तर मानावा लागतो का?"

"मानावाच लागतो," मी म्हणालो.

"आन् न्हाई मानला तर?"

"कोंडीबा, अरे, उद्या काही झालं तर सरकार म्हणेल आम्ही सांगितलं होतं. पोरंबाळं आहेत ना घरात? मग सांगतात तसं करावं. सरकार वेडं नसतं."

तो बराच वेळ उभा होता. हात पैरणीच्या खिशावर. काही दाखवायचं होतं का? मी मान वर केली तेव्हा निघाला होता. बहुधा रेशनकार्डाचं असेल. पूरक टिपण मात्र चांगलं झालं.

९ मे

कोंडीबाचा पत्ता नाही. गोठ्याचं छप्पर अर्धवट लोंबकळतंय, गाय ठरलेली आहे. फुलाबाईही आली नाही. शारदा म्हणते, वर जाऊन बघा. मी म्हटलं, येतील. ही माणसं आपल्या वेळेने येतात. ती म्हणाली, "फुलाबाई न सांगता राहत नाही." आज दोनदा म्हणाली.

१६ मे, अक्षय तृतीया

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

दुपारी टेम्पो दारात थांबला. आमरसाची वाटी हातात घेऊनच मी बाहेर आलो. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी एक काळी मेढ, धुराने आणि हातांनी गुळगुळीत झालेली. कोंडीबा खाली उतरला, फुलाबाई वरच बसून राहिली.

"साहेब, एक वाचून द्या. जायाची तारीक त्यांनी सांगितली. परत कंदी यायचं त्ये कुनीच सांगंना. तुमाला दिसतंय का बघा."

पैरणीच्या खिशातून त्याने घडी काढली. मी वाचायला लागलो. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की. जावक क्रमांक ४४१७. तडकलेला कडा. झरा. कुटुंबप्रमुख कोंडीबा, पत्नी फुलाबाई, खाली सगळ्या वाडीची नावं. तात्पुरती निवासव्यवस्था: मौजे माण. "नमुना" कुठेही नाही.

मी म्हणालो, "हे खोटं आहे."

"खोटं कसं? आमची नावं हायेत ना त्यात. आन् तुमीच म्हनला व्हता, सांगत्यात तसं करावं."

"कोंडीबा, हे सरकारचं नाही. हे मी लिहिलंय. मी. दाखवायला लिहिलं होतं, की असं कुणीही लिहू शकतं."

तो हसला. खरंच हसला. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं. "पर कशापाय?" एवढंच त्याने विचारलं. समिती, परिशिष्ट, शेपूट, त्याला सांगण्यासारखा एकही शब्द माझ्यापाशी नव्हता.

"परत चला," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. मी येतो बरोबर. टेम्पो वळवा."

तेव्हा फुलाबाई वरून पहिल्यांदा बोलली. "मंग मेढ?"

कोंडीबाने टेम्पोतल्या मेढीकडे पाहिलं. तिने परत विचारलं, अगदी हळू. "मेढ तर उपटली. आता त्या खड्ड्यात कशी घालायची?"

शारदा दारात उभी होती. तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि फुलाबाईला हात देऊन खाली उतरवलं.

१७ मे

मी, कोंडीबा आणि शारदा वर गेलो. शारदाने ऐकलं नाही. वाडीतली बाकीची माणसं हैबतरावांच्या गाड्यांतून केव्हाच माणला गेली होती, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत. कोंडीबा शेवटचा निघाला, जनावरं विकायची होती म्हणून.

प्रत्येक घराच्या जागी मधोमध एकेक खड्डा. बाकी कुडाच्या भिंती उभ्या, चुली जागच्या जागी, आणि मध्ये तेवढा खड्डा. झऱ्याच्या बाजूने तारेचं कुंपण सुरू झालं आहे. खांबांच्या बुडाचं सिमेंट अजून ओलं होतं. तिथल्या माणसाला मी विचारलं, कुणाच्या हुकमाने? तो म्हणाला, "रिकामी जागा हाय. हैबतरावांनी घेतली." मी म्हटलं, ही माणसं राहतात इथे. त्याने आजूबाजूला बघितलं. "कुटं?"

मला भीती वाटली. त्या माणसाची नाही. माझ्याच मसुद्याची. त्यातला एकही शब्द कच्चा नव्हता.

१८ मे

कौस्तुभ फोन उचलत नाही. माणला गेलो, तर खोलीला कुलूप. हैबतराव ओट्यावर होते, मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी बरंच बोललो, ओरडलोही असेन. ते शांत होते. म्हणाले, "साहेब, मी कुनाला हात लावला का? आपल्या पायानं आली मान्सं. मी तर फुकाट खोल्या दिल्या. आन् कागुद कुनी काढला त्ये आपल्या दोगांनाच ठावं हाय."

चहा तसाच ठेवून उठलो. एवढंच करता आलं.

१९ मे

तालुक्याच्या कचेरीत तक्रार दिली. तिथल्या बाबूने माझ्यासमोर संगणकावर खडपवाडी डॉट इन्फो उघडलं. सूचना नाही. तिच्या जागी धुक्यातले डोंगर, एक बंगला, आणि वर "खडपवाडी हिल्स: निसर्गाच्या कुशीत". पासवर्ड बदललेला आहे, मला आत जाताच येत नाही.

"नोटीस कुठाय?" बाबू म्हणाला. मी कोंडीबाकडचा कागद दाखवला. त्यावर सही कुणाचीच नाही. मी सांगितलं, मजकूर माझा आहे. मग त्याने त्या पत्त्याची नोंद कुणाच्या नावावर आहे ते काढलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"म्हणजे तुम्ही स्वतःविरुद्धच तक्रार देताय?"

"हो."

"आणि त्यांना जबरदस्तीने उठवलं कुणी?"

"कुणीच नाही."

त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच दिली. सगळं नियमाप्रमाणे. असे अर्ज कुठे जातात हे मला माहीत आहे. मी स्वतः ते तिथे पाठवलेले आहेत.

२४ मे

चंद्रकांत साहेबांचा फोन. (आमचा फोन आपोआप चालू झाला आहे.) आक्षेप समितीला आवडले, भाषेचं विशेष कौतुक झालं, जूनमध्ये परदेशी बैठक आहे तिथे मांडतील. "तुमचं परिशिष्ट मात्र वगळलं, विठ्ठलराव. सगळ्यांचं म्हणणं पडलं की उदाहरण जरा अतिरंजित आहे. एका वाडीचं नाव वापरून अख्खी वाडी उठेल, हे कुणाला पटत नाही."

मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "हे लेखी देऊ नका. पेन्शन आहे तुमची."

लेखी दिलं. आज पोस्टात टाकून आलो. शारदा बरोबर आली होती. येताना तिने विचारलं, "याने खड्डे बुजतील का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मला तेच वाटलं होतं." पण हात धरून चालत होती.

३० मे

कोंडीबा आणि फुलाबाई गोठ्यात राहतायत. गाय आणायची नाही असं शारदाने सांगून टाकलं. मेढ इतके दिवस कुंपणाला टेकवून ठेवली होती. मेढ रोवली जात नाही तोवर चूल मांडत नाहीत, म्हणून फुलाबाई तीन दगडही मांडेना, शारदाच्याच ओट्यावर भाकरी थापायची. काल कोंडीबाने येऊन विचारलं, मागल्या बाजूला जागा द्याल का? मी म्हटलं, विचारू नका, पाहिजे तिथे घ्या.

खड्डा मी खणला. तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. पहार कशी धरतात तेही मला धड येत नाही, तळहाताला फोड आलेत. फुलाबाईने हळद वाहिली, शारदाने पाणी घातलं. कोंडीबाने मेढ खांद्यावर तोलून खड्ड्याच्या काठाला आणली, नेहमीसारखं तोंड खाली नेलं, आणि थांबला.

"साहेब, नाव कंचं घिऊ?"

"रिहे," मी म्हणालो. "गोठ्याला घेतलं होतं तेच."

"त्ये तुमच्या गावाचं. गोठा तुमचा व्हता. ही मेढ आमच्या आज्याची. तिला खडपवाडीबिगर दुसरं ठावं न्हाई." वाकलेलाच तो विचार करत राहिला. "पर खडपवाडी म्हनावं, तर हितं खडपवाडी न्हाई. आन् तितं आता मान्सं न्हाईत. मंग त्ये नाव हाय कुनाकडं?"

खडपवाडीचं नाव पुढच्या फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे आहे. विठ्ठलराव, मुक्काम पोस्ट रिहे, तालुका मुळशी. नोंद झालेली आहे, जगात कुठेही, कुणालाही बघता येते. ते मला कोंडीबाला देता येत नव्हतं.

तो वाकून माझ्याकडे बघत होता. मेढीचं ओझं त्याच्या खांद्यावर होतं. शेवटी मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. नाव न घेताच मेढ रोवली.